सव्वीस नंबरच्या गेटासमोरचं दुकान

"खडीसाखर? वो क्या होता?" दुकानातल्या बाईंनी विचारलं.

माझं हिंदी पोस्टाच्या खिडकीपुरतं. मी बोटांनी खडा करून दाखवला. "पत्थर जैसी शक्कर. गले के लिए."

"अच्छा, मिसरी. मिसरी नहीं है साब. गोलियां हैं. अदरक की, शहद की, पुदिने की. किनको होना?"

"हमारे बुवा हैं. कीर्तनकार. आज शाम को कोलकाता में कीर्तन है उनका."

बाईंनी मान लांब करून समोरच्या खुर्च्यांकडे पाहिलं. अच्युतबुवा खांबेटे पगडीचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. कमरेला धोतर, अंगात सदरा, खांद्यावर उपरणं. काचेपलीकडे एक विमान मागे मागे सरकत होतं आणि बुवा त्याच्याकडे कौतुकाने बघत होते.

"वो धोतीवाले?" बाई हसल्या. त्यांच्या छातीवरच्या पट्टीवर पद्मा असं नाव होतं. वय पंचेचाळीसच्या आसपास. "सुबह से दो बार आए दुकान में. एक एक चीज उठा के देखे, फिर वापस रख दिए. मेरे को बोले, बहेन, तुम्हारा दुकान बहुत अच्छा है."

ते खरं होतं. हैदराबादच्या विमानतळावर आम्ही सकाळी पावणेदहाला उतरलो होतो. कोलकात्याचं विमान पावणेतीनला. मधल्या पाच तासांत बुवांना एवढ्या सगळ्या झगमगाटातून आवडलं ते हे सव्वीस नंबरच्या गेटासमोरचं दुकान. सकाळी तपासणीच्या रांगेत त्यांच्या सदऱ्याचं बटण तुटलं होतं. दुकानात सुई-दोऱ्याची छोटी डबी मिळाली. मी जातीचा शिंपी, तिथेच खुर्चीवर बसून बटण लावून दिलं. बुवांना त्याचं फार नवल वाटलं होतं.

"मनोहरा, इथे नाही काय ते सांग," ते म्हणाले होते. "मानेची उशी आहे, लोणचं आहे, छत्री आहे, तान्ह्या पोराचे लंगोट आहेत. माणूस घरून नुसता देह घेऊन निघाला तरी चालेल. बारसं, मुंज सगळं इथल्या इथे उरकेल. भटजी तेवढा फळीवर ठेवा म्हणावं."

मी आल्याच्या गोळ्यांची पट्टी घेतली आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. भोरहून विनायकचा. विनायक म्हणजे बुवांचा पुतण्या, थोरल्या भावाचा मुलगा.

"मनोहरकाका, काका जवळ आहेत का?"

"आहेत. समोर बसलेत. का रे?"

"त्यांचा फोन बंद लागतोय."

"चार्ज करायला विसरले रात्री. देऊ का त्यांना?"

"नको," तो घाईने म्हणाला. मागे बायकांचा आवाज येत होता. "बाबा गेले. सव्वानऊला. अंगणात तोंड धूत होते, तिथेच बसले आणि गेले."

मी गोळ्यांची पट्टी परत फळीवर ठेवली. का ठेवली ते सांगता येत नाही.

"ऐका," विनायक म्हणाला. "मी चौकशी केलीय. तिथून बारा वाजून दहा मिनिटांनी पुण्याला विमान आहे. जागा आहेत. काका दीडपर्यंत पुण्यात उतरतील, मी लोहगावला गाडी पाठवतो. चारपर्यंत भोरला पोचतील. आम्ही पाचपर्यंत थांबतो. पण लोक जमलेत, भटजी विचारतायत. काका येणार असतील तरच थांबवतो. अर्ध्या तासात मला कळवा."

"कळवतो."

"आणि काका," तो म्हणाला, "तुम्हाला माहितीय ना सगळं. तुम्ही जरा नीट सांगा त्यांना."

मला माहीत होतं. भोरमध्ये सगळ्यांनाच माहीत होतं.

अकरा वर्षांपूर्वी भोरच्या राममंदिरात बुवांचं कीर्तन होतं. पूर्वरंगात, म्हणजे निरूपणाच्या भागात, लोभाचा विषय चालला होता आणि बुवांनी एक दृष्टान्त दिला: एक थोरला भाऊ रोज निजण्यापूर्वी डब्यातले लाडू मोजायचा आणि किल्ली उशाखाली ठेवायचा. दृष्टान्त रंगला. बुवांनी किल्ली उशाखाली सारण्याची नक्कल केली आणि सगळं मंदिर खदखदून हसलं. पण हसताना लोकांच्या माना दुसऱ्या ओळीकडे वळल्या, कारण ती नक्कल हुबेहूब दादांची, म्हणजे बुवांच्या थोरल्या भावाची होती. दादा तिथेच बसले होते. मध्यंतरात बुवांच्या गळ्यात हार पडायच्या आधी ते काठी घेऊन उठले आणि गेले. दुसऱ्या दिवशी बुवा पाया पडायला गेले. दार उघडलं गेलं, पण दादा उठून आत गेले आणि कुणी बस म्हणालं नाही. त्यानंतर अकरा वर्षं दोघा भावांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

आता मी त्या दुकानात उभा होतो आणि मला पंचवीस पावलं चालून जाऊन एक वाक्य बोलायचं होतं.

माझ्याबद्दल सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी कीर्तनवेडा माणूस. नोकरी पोस्टात, पण जीव पेटीत. सव्वीस वर्षं बुवांच्या मागे पेटी वाजवली. बुवा पूर्वरंगाची ओळ उचलायचे तेव्हा माझ्या बोटांना आधी कळायचं ती कुठल्या पट्टीत जाणार. कोलकात्याचं महाराष्ट्र मंडळ चार वर्षं बुवांच्या मागे लागलं होतं. तीन दिवसांची कीर्तनमाला, मंडळाचा साठावा वर्धापन दिन. बुवा सदुसष्ट वर्षांचे झाले होते आणि महाराष्ट्राबाहेरचं हे शेवटचं, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. त्या तीन दिवसांची मी वर्षभर वाट पाहत होतो. लहान मूल जत्रेची पाहतं तशी.

आणि सुतक असतं ऐकल्यापासून. लांबच्या गावी माणूस गेला, तर बातमी कानावर पडते त्या क्षणी ते लागतं. कान ऐकतात, आणि मग अंगावरच्या कपड्यांसकट स्नान करायचं. सख्ख्या भावाचं सुतक दहा दिवस, मग तो वेगळा राहत असो की अबोला धरून असो. दहा दिवस कीर्तनकाराने देवापुढे उभं राहायचं नाही, गळ्यात हार घालून घ्यायचा नाही, कपाळाला बुक्का लावायचा नाही. हे मला बुवांनीच शिकवलेलं.

म्हणजे मी बोललो नाही, तर सुतक नाही.

हा विचार माझ्या मनात आला तेव्हा मला तो पापासारखा वाटला नाही. उलट देवानेच सुचवल्यासारखा वाटला. माणसाला फसायचं असलं की तो देवालाच साक्षीला बोलावतो.

मी बुवांसमोर जाऊन उभा राहिलो.

"मिळाली का रे खडीसाखर?"

"नाही. गोळ्या आहेत."

"मग आण की. हात हलवत काय आलास?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "चेहरा का उतरलाय? भूक लागली का? तिकडे डोसे मिळतायत. तू खा, माझ्या उपासाकडे बघू नकोस."

"नाही, तसं काही नाही."

"मग बस. ते बघ, त्या विमानाच्या पोटात आपल्या पेटीसारखीच एक पेटी चाललीय. तुझी तर नव्हे? आज तू नुसत्या टाळ्या वाजवतोस की काय?"

ते हसले. मी हसलो. वाक्य घशापर्यंत आलं होतं, ते मी गिळलं. स्वच्छतागृहाला जातो म्हणून उठलो, खांबामागे गेलो आणि विनायकला फोन लावला.

"बोललात?"

"हो."

"काय म्हणाले?"

इथपर्यंत मी नुसता गप्प राहिलेला माणूस होतो. इथून पुढे खोटं बोललेला झालो. "थांबू नका म्हणाले."

पलीकडून बायकांचा आवाज तेवढा येत होता.

"कीर्तन ठरलेलं आहे," मी म्हणालो. "लोक जमलेत तिकडे. शब्द दिलाय. थांबू नका, तुमचं उरकून घ्या म्हणाले."

"असं म्हणाले? उरकून घ्या?"

"हो."

"बरं," विनायक म्हणाला. रागाने नाही. कपभर दूध उसनं मागितल्यावर समोरच्याने संपलं म्हणावं, तेव्हा मागणारा म्हणतो तसं. "साडेतीनला नेतो मग."

मी फोन बंद करून टाकला. त्याला पुन्हा करावासा वाटला तर, म्हणून.

पुढचा तासभर मी बुवांच्या शेजारी बसून होतो. ते रात्रीच्या कीर्तनाबद्दल बोलत होते. कुठल्या जागी झांज थांबवायची, कुठे पेटी एकटी सोडायची. मी मान हलवत होतो. पुण्याच्या विमानाची घोषणा झाली, पहिली, दुसरी. अठरा नंबरच्या गेटाजवळ रांग लागलेली आमच्या जागेवरून दिसत होती. मराठी बोलणारी एक बाई कडेवर मूल घेऊन आमच्या समोरून धावत गेली, नवऱ्याला म्हणत, "अहो, चला ना, दार लावतील." बुवा म्हणाले, "आपल्याकडची दिसतेय." मी खाली बघत बसलो. शेवटची घोषणा झाली आणि मग नुसतंच संगीत लागलं. तेव्हा माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं, आणि त्याच क्षणी दुसरं काहीतरी येऊन बसलं.

"मनोहरा, तुझा फोन दे," बुवा म्हणाले. "कोलकात्याला सांगायचं राहिलं, रात्रीच्या जेवणात कांदा-लसूण नको म्हणून. ऐनवेळी त्यांची पंचाईत नको."

"माझाही संपलाय, बुवा."

"चार्जर?"

"सामानात गेला."

"तुम्ही पोस्टातले लोक," ते उठत म्हणाले. "पत्रं तेवढी पोचवता. थांब, त्या पद्माबाईंकडे सगळं मिळतं, चार्जरही मिळेल."

"मी आणतो की."

"तू बस. माझे पाय आखडलेत."

पगडीचा डबा माझ्या मांडीवर ठेवून ते गेले. मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो. माझ्या डोक्यात एवढंच होतं की चार्जर मिळाला तरी ते कोलकात्यालाच फोन करतील, भोरला नाही. विनायक त्यांना काही लिहील, हे माझ्या मनातही आलं नाही.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. दुकानाच्या काचेतून बुवा दिसेनात. मी डबा काखेत मारून दुकानात गेलो.

पद्माबाई एकट्याच होत्या. काउंटरच्या कोपऱ्यात बुवांचा जुना फोन नव्या पांढऱ्या वायरला लावलेला होता.

"हमारे बुवा इधर आए थे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सकाळचं हसू चेहऱ्यावर नव्हतं. "आप ही हैं पेटीवाले?"

"हां."

"बुजुर्ग नहाने को गए."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "कहां गए?"

"नहाने को. आगे जो बड़ा वाला बाथरूम है ना, व्हीलचेअर वालों का, वहां. मैं सफाईवाली बाई को दरवाजे पे खड़ा करी."

भर दुपारी, विमानतळावर, सकाळी साडेतीनला अंघोळ करून निघालेला माणूस. या देशात कुणाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही, आणि मला तर नाहीच. माझ्या काखेतला डबा घसरला. तो मी गुडघ्यावर अडवला आणि तसाच वाकलेला राहिलो.

"फोन चालू किए," बाई सांगत होत्या, "एक मेसेज आया, पढ़े, फिर एक बार पढ़े. फिर इधर स्टूल पे बैठ गए. मैं पानी दी तो पिए नहीं. बोले, बहेन, हमारा भाई चला गया, हमको अभी के अभी स्नान करना पड़ेगा, कपड़े के साथ. हमारे में भी होता वैसा. मैं बोली, सामान तो पूरा अंदर गया आपका, क्या पहनेंगे? फिर मैं ही सब निकाल के दी. साबुन, टॉवेल, टी-शर्ट, पजामा. लोटा नहीं था. वो कॉफी का बड़ा मग आता ना, लिखा हुआ, वो दी."

फळीवर त्या मगांची रांग होती. प्रत्येकावर इंग्रजीत सुप्रभात लिहिलेलं.

"आपको मालूम नहीं था?" त्यांनी विचारलं.

मी डबा सरळ करून पुन्हा काखेत धरला. बाईंनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. आणि मग, ज्या माणसाला आपण ओळखत नाही त्याच्याबद्दल वाईट का धरायचं, अशा आवाजात म्हणाल्या, "जाओ, बाहर खड़े रहो. उमर वाले हैं. गिरना नक्को."

मी जाऊन दारापाशी उभा राहिलो. सफाईवाल्या मावशी काठीला फडकं लावून उभ्या होत्या. आतून पाण्याचा आवाज येत होता. तो कॉफीचा मग भरायचा, डोक्यावर ओतायचा, पुन्हा भरायचा. मी मोजलं नाही. बाहेर लोक बॅगा ओढत चालले होते, कुणाचं तरी मूल सरकत्या पट्ट्यावर उलटं धावत होतं.

दार उघडलं.

सव्वीस वर्षांत मी बुवांना धोतराशिवाय पाहिलं नव्हतं. आता ते पिवळ्या टी-शर्टात उभे होते. छातीवर चारमिनार. खाली राखाडी पायजमा, बोटभर आखूड. डोक्याचे पांढरे केस चपटे झालेले, कानांवरून पाणी गळतंय. एका हातात पिळलेलं धोतर, सदरा आणि उपरणं भरलेली दुकानाची पिशवी, दुसऱ्या हातात तो मग. पायाखाली पाण्याचं थारोळं झालं होतं. मावशींनी लगेच फडकं फिरवायला सुरुवात केली. बुवा त्यांना म्हणाले, "माफ करा हं, बाई." मराठीतच.

मग माझ्याकडे न बघता खुर्च्यांकडे चालू लागले. मी मागून. बसल्यावर म्हणाले, "बस."

मी बसलो.

"मी विनायकाला काय निरोप दिला?"

"बुवा..."

"मला आठवत नाहीये. म्हणून विचारतो. मी जे म्हणालो ते मला सांग. माझ्याच शब्दांत सांग."

"थांबू नका म्हणालात."

"आणखी?"

"कीर्तन ठरलंय म्हणालात. लोक जमलेत. शब्द दिलाय."

"आणखी काहीतरी म्हणालो असणार. पोरगा लिहितो, 'काका, मनोहरकाकांकडून तुमचा निरोप मिळाला. बाबांना साडेतीनला नेतो, उरकून घेतो.' हा उरकून शब्द त्याचा नाही."

"तुमचं उरकून घ्या म्हणालात."

"हां," बुवा म्हणाले. त्यांनी तो कॉफीचा मग खुर्चीच्या पायाशी ठेवला. "नेटका बोललो. कुठे अडखळलो नाही ना?"

त्यांनी मला मारलं असतं तर मी हात जोडून मार खाल्ला असता. पण ते त्या पिवळ्या टी-शर्टात शांत बसून होते आणि त्यांच्या हनुवटीवरून पाणी चारमिनारवर पडत होतं.

"फोन लाव त्याला," ते म्हणाले. "तुझा. संपलेला."

मी फोन चालू केला. बॅटरीच्या तीन रेघा उभ्या राहिल्या, त्यांनी पाहिल्या. विनायकने उचलला तेव्हा मागे टाळांचा आवाज येत होता.

"विनायक, मी मनोहर. मी मघाशी खोटं बोललो. काकांना मी सांगितलंच नव्हतं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. जे बोललो ते माझं होतं."

पलीकडे टाळ चालूच होते. मग विनायक म्हणाला, "का?"

कीर्तनासाठी, असं म्हणायला माझं तोंड उघडेना.

"काका आहेत?" त्याने विचारलं. मी फोन दिला. बुवांनी तो कानाशी धरला आणि दुसऱ्या हाताने डोळे झाकले.

"हां बाळा... नाही, नको थांबू. आता संध्याकाळशिवाय विमान नाही, काळोख होईल. दादाला तसं ठेवू नकोस... हो. हो. झालं स्नान... अरे इथेच. इथे सगळं मिळतं." मग बराच वेळ ते नुसतं ऐकत होते. "तू दे अग्नी. मी रात्री येतो." फोन माझ्या हातात देताना म्हणाले, "चांगला आहे रे पोरगा. मलाच विचारत होता, जेवलात का म्हणून."

त्यानंतरची कामं आम्ही निमूटपणे केली. संध्याकाळच्या विमानाचं तिकीट, त्यासाठी पुन्हा बाहेर जायचं, बुवांचं सामान कोलकात्याला जाणार ते मी परत आणायचं. पद्माबाई दुकानाच्या फोनवरून तिकिटाच्या खिडकीवरच्या कुणाशी तेलुगूत बोलल्या, आणि त्यांनी कागदाच्या कपात चहा आणून बुवांच्या हातात दिला. या वेळी ते प्याले.

"तू पुढे जा," बुवा म्हणाले. "ते लोक विमानतळावर येतील, बायकापोरं घेऊन, हार घेऊन. फोनवर सांगण्याजोगं नाही हे. जाऊन तोंडाने सांग. खरं सांग."

कोलकात्याच्या विमानासाठी रांग लागली. मी पगडीचा डबा त्यांच्याजवळ ठेवला आणि तिथेच, लोकांच्या पायांत, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"मला क्षमा करा, बुवा."

"क्षमा विनायकाची माग. माझी कशाला?" त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं. हात थंड होते. "बस दोन मिनिटं. रांग लांब आहे. तुला एक सांगतो. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, तूही सांगू नकोस."

मी बसलो.

"तो मेसेज वाचला ना, तेव्हा मला आधी तुझा राग आला नाही. आधी वाटलं, मी असं कधी म्हणालो? आणि मग वाटलं, म्हणालोही असेन. विसरलो असेन." ते कपातल्या चहाकडे बघत होते. "तू येऊन मला सांगितलं असतंस, दादा गेला, बारा दहाचं विमान आहे, तर मी हेच म्हणालो असतो, मनोहरा. थांबू नका म्हणावं. लोक जमलेत, शब्द दिलाय. अक्षरन् अक्षर."

"नाही, बुवा."

"तू नाही म्हणू नकोस. तुला काय ठाऊक? अकरा वर्षांनी त्या अंगणात जायचं, सगळ्या भोरने बघायचं, आणि दादाने उठून आत जायचंसुद्धा नाही. त्यापेक्षा मला कीर्तन बरं वाटलं असतं. देवाचं काम आहे, कोण नाव ठेवणार?" त्यांनी कप खाली ठेवला. "सव्वीस वर्षं मागे बसून तू माझी पट्टी ओळखतोस. आजही बरोबर ओळखलीस. मला भीती त्याची वाटली."

माझं नाव पुकारलं जात होतं. मी कसा उठलो, कसा गेलो, आठवत नाही. वळणावर मागे पाहिलं तेव्हा बुवा त्या पिवळ्या टी-शर्टात ताठ बसले होते, आणि पद्माबाई दुकान सोडून त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या होत्या.

कोलकात्यात मी सगळं सांगितलं. म्हणजे माझं सगळं. एक म्हातारे गृहस्थ हार हातात घेऊन ऐकत होते. त्यांनी तो पुन्हा पिशवीत घातला, पण मला जेवू घातल्याशिवाय सोडलं नाही. त्या रात्री कीर्तन झालं नाही.

तेराव्याला मी भोरला गेलो. जावं की नाही हा प्रश्न होता, पण बुवांनी निरोप पाठवला होता. पंगत पडवीत होती. बुवा भिंतीशी, पहिल्या पानावर बसले होते, पांढरं धोतर, उघडं अंग. विनायक तुपाची वाटी घेऊन वाढत होता. डोक्यावरचे केस नुकते खुंटाएवढे उगवलेले. मला दारात पाहून तो वाटीसकट बाहेर आला.

मी हात जोडले. बोलायला गेलो, पण त्याने मान हलवली.

"ते राहू दे, काका. मला एकच विचारायचंय," तो म्हणाला. त्याने आवाज हळू केला नव्हता. "आई रोज विचारते मला. मी तिला काय सांगू? तुम्ही सांगितलं असतं, तर काका आले असते ना?"

मी त्याच्या खांद्यावरून पडवीत बघितलं. बुवांचा हात पानावर थांबला होता. त्यांनी ऐकलं होतं. मान वर केली नाही.

"आले असते," मी म्हणालो. "मिळेल त्या विमानाने आले असते."

विनायकने डोळे मिटले, उघडले आणि मान डोलावली. "चला मग, पान मांडलंय."

बुवांच्या शेजारचं पान रिकामं होतं. मी बसलो. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. बुवांनी पानाभोवती पाणी फिरवलं, घास उचलला, आणि तो हातातच धरून म्हणाले, "विनायका, मनोहरला भात वाढ. लांबून आलाय."